रत्नागिरीहून लोअर परळला: लॉ फर्मच्या इंटर्नशिपचा अर्ज

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये मे-जूनची इंटर्नशिप हवी असेल, तर अर्ज दिवाळीच्या आसपास जायला हवा. डिसेंबरची हवी असेल, तर गणपतीच्या आधी. आपल्याकडे कोकणात अर्ज ही परीक्षा आटोपल्यावर करायची गोष्ट समजली जाते, आणि तोवर तिथल्या जागा भरलेल्या असतात. मोठ्या फर्मच्या वेबसाइटवर इंटर्नशिपचा वेगळा फॉर्म असतो. तिथे फॉर्म असेल तर तोच भरावा, वरून भागीदारांना मेल पाठवत बसू नये. फोर्ट आणि काळा घोड्याकडच्या लहान-मध्यम फर्मना मात्र मेलच करावा लागतो, आणि तिथे दोन-तीन महिने आधीही चालून जातं.

तारखा मागताना एक अडचण ठरलेली असते. परीक्षेचं वेळापत्रक हलतं. म्हणून शेवटचा पेपर ज्या आठवड्यात अपेक्षित आहे, त्याच्या दोन आठवडे पुढची तारीख मागा आणि दुसरा पर्याय म्हणून आणखी एक महिना लिहा. ‘केव्हाही येऊ शकतो’ असं लिहू नका. जागा महिन्यावार वाटल्या जातात, त्यामुळे महिना नसलेला अर्ज कुठल्याच यादीत बसत नाही. वेळापत्रक बदललं तर त्याच दिवशी कळवा. आधी सांगून महिना बदलून घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सांभाळून घेतात, ऐन वेळी न आलेल्याला नाही.

नियम काय म्हणतो

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत नियम २५ आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. आणि संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी ट्रायल व अपील चालवणाऱ्या वकिलांकडे काम केलेलं असलं पाहिजे. थोडक्यात, सगळे आठवडे एअर कंडिशन्ड ऑफिसात काढून भागत नाही.

कोकणातल्या विद्यार्थ्याला ही अट अडचण वाटू नये. रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर लॉ कॉलेजात असाल, कुडाळच्या व्हिक्टर डान्टसमध्ये किंवा अलिबागच्या दत्ता पाटील कॉलेजात, जिल्हा कोर्ट हाताशी आहे. पहिली इंटर्नशिप तिथेच करा. फर्मच्या अर्जात ‘पूर्वीचा अनुभव’ या रकान्याखाली चार खऱ्या ओळी येतात त्या तिथूनच.

आधी कोर्टाचं बोर्ड

वकिलांना भेटायला सकाळी साडेदहाला बाररूममध्ये जाऊ नका. त्या वेळी सगळे बोर्डावर (त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत) आपला नंबर कितवा, पक्षकार आला की नाही, या गडबडीत असतात. संध्याकाळी साडेपाचनंतर ऑफिसात जा, कॉलेजचं पत्र न्या आणि कुठल्या तारखेपासून किती आठवडे येणार ते सांगा. नियम २६ प्रमाणे किमान दहा वर्षं वकिली केलेल्या, विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी राज्य बार कौन्सिलने करायची असते, आणि ती कॉलेजांकडे उपलब्ध असायला हवी. ती कॉलेजच्या ऑफिसात मागा. पुष्कळदा विद्यार्थी मागतच नाहीत.

पोशाख नियम २७ मध्ये दिला आहे: पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. सगळं जमत नसेल तर पांढरी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आत खोचलेला आणि बंद बूट. गळ्यातला बँड आणि गाऊन वकिलाचा असतो, तो विद्यार्थ्याने घालू नये.

कोर्टात बसून नुसतं ‘पाहिलं’ असं डायरीत लिहिलं तर ते वाया गेलं. मूट कोर्ट (सरावाचा खटला) आणि इंटर्नशिपच्या शंभर गुणांच्या पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटल्याच्या निरीक्षणाला ३० गुण आहेत. पक्षकाराच्या दोन मुलाखती आणि दाव्याची तयारी यांच्या नोंदींना १५-१५ असे आणखी ३०. म्हणजे डायरी नीट ठेवली तर गुणही मिळतात आणि सीव्हीचा मजकूरही तयार होतो. रोज लिहायचं ते असं: केसचा सीएनआर नंबर (हा १६ अक्षर-अंकांचा असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की केसचा पुढचा सगळा प्रवास दिसतो), टप्पा कुठला, आज काय झालं, पुढची तारीख कशासाठी. ‘वादीचा सरतपास झाला, निशाणी २३ चं खरेदीखत दाखल, उलटतपासासाठी तारीख’ अशी एक ओळ ‘आज खूप शिकायला मिळालं’च्या पानभर मजकुरापेक्षा जड असते. दावा, कैफियत, मनाई अर्ज, पुरशिस, दरखास्त हे शब्द मराठीत कळतातच. प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणतात ते डायरीच्या मागच्या पानावर लिहीत जा. फर्ममध्ये त्यांची इंग्रजी नावंच लागतात.

आणखी एक पर्याय आता जवळ आला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. रायगड मुंबईकडेच आहे. रिट, अपिलं आणि जमिनीच्या बाबी पाहायच्या असतील तर सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला मुंबईपेक्षा कोल्हापूर कितीतरी सोपं. फर्मच्या आधी तिथे चार आठवडे काढले तर अर्ज वजनदार होतो.

सीव्ही: एक पान, बायोडेटा नव्हे

लग्नाच्या बायोडेटाची सवय सीव्हीत शिरते. फोटो, वडिलांचं नाव, धर्म, जन्मवेळ सोडून सगळं, आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. हे सगळं काढा. हवं ते इतकं: नाव, फोन, मेल, कॉलेज, अभ्यासक्रम आणि कोणतं वर्ष, गुण सेमिस्टरनिहाय, इंटर्नशिप, मूट, लीगल एड शिबिर, लोकअदालतीतलं काम, भाषा. एकच पान, पीडीएफ, आणि फाइलला स्वतःचं नाव. ‘नवीन सीव्ही फायनल २’ नावाची फाइल कुठेतरी हरवते.

एटीकेटी असेल तर लपवू नका. मार्कशीट मागितली जाते, आणि तेव्हा उघडं पडणं जास्त वाईट. कोणत्या सेमिस्टरला, कुठला विषय, सुटला की नाही, एवढं पुरे.

वेबिनारच्या वीस प्रमाणपत्रांची यादी देऊ नका. पैसे भरून छापलेला लेख तर अजिबात नको; ‘आयएसबीएनसह प्रकाशित’ याने कोणी भारावत नाही. पैसे घेऊन ‘गॅरंटीड इंटर्नशिप’ देणाऱ्या जाहिरातींचंही तेच. फर्म विद्यार्थ्याकडून फी घेत नाही.

इंटर्नशिपची ओळ लिहिताना क्रियापद आणि संख्या हवी. ‘ज्येष्ठ वकिलांच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाली’ या वाक्यात काम कुठेच नाही. त्याऐवजी: ‘तीन दिवाणी दाव्यांचे घटनाक्रम तयार केले, कलम १३८ च्या (चेक न वटल्याच्या) दोन नोटिसांचे मसुदे केले, ११ निवाडे शोधून टिपणं दिली.’ एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला विचारायला प्रश्न सुचतात, आणि प्रश्न विचारले गेले तर तुमचं निम्मं काम झालं.

सातबारा हेच भांडवल

कोकणातल्या मुलांचे अर्ज इंग्रजीमुळे पडतात, असा समज आहे. आमच्या मते ते बहुतेक वेळा इतर पन्नास अर्जांसारखेच दिसतात म्हणून पडतात. ‘कॉर्पोरेट लॉमध्ये रस’ सगळ्यांनाच असतो. सातबारा, फेरफार आणि कुळकायदा घरातल्या बोलण्यातून कळणारा विद्यार्थी मात्र फर्मच्या रियल इस्टेट टीमला रोज मिळत नाही. बंदर, गोदाम, रिसॉर्ट, सौरप्रकल्प, महामार्गालगतची जमीन, काहीही घ्यायचं झालं तरी टायटल (मालकी हक्क) तपासावं लागतं. कागद मराठीत असतात, आणि टीममधले पुष्कळ जण परराज्यातल्या लॉ युनिव्हर्सिटीतून आलेले असतात. जुने कागद मोडी लिपीत असतील तर विचारूच नका.

म्हणून अर्जासोबत एक लेखन-नमुना जोडा: एका जमिनीचं दोन पानी टायटल टिपण, इंग्रजीत. पाच-सहा संध्याकाळींचं काम आहे.

आपल्याच कुटुंबाचा एक सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घ्या. महाभूमीच्या पोर्टलवरून डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत निघतो. त्याच जमिनीचा आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. सातबाऱ्यावर नावांजवळ फेरफार क्रमांक दिलेले असतात, ते सगळे लिहून घ्या आणि त्यांचे उतारे मिळवा. जुने ऑनलाइन नसतील, तर तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करावा लागतो. याला वेळ लागतो, सुट्टी लागल्यावर सुरू कराल तर अडकाल. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या नंबरचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांचे गोषवारे) शोधा.

मागे किती जायचं? प्रथा ३० वर्षांची आहे, आणि तिला कारण आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६१ प्रमाणे गहाण सोडवण्याच्या दाव्याला ३० वर्षांची मुदत असते. कोकणात मात्र ३० वर गोष्ट थांबत नाही. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं तो दिवस) यांचे धागे आजच्या सातबाऱ्यावर लोंबत असतात, म्हणून मूळ कुळाच्या नोंदीपर्यंत जा.

तक्ता साधा ठेवा: वर्ष, फेरफार क्रमांक, प्रकार (वारस, खरेदी, कूळ, वाटप, बोजा), कोणाकडून कोणाकडे, शेरा. त्याखाली शंका. खरी किंमत शंकांना आहे. समजा १९६२ च्या फेरफाराने कुळाचं नाव लागलं, कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली, पण ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र कुठेच सापडत नाही. टिपणात लिहायचं: प्रमाणपत्र उपलब्ध नाही, खरेदीची किंमत पूर्ण भरली गेली का ते तपासावं, कलम ४३ चं विक्रीवरचं बंधन लागू आहे का ते पाहावं, खरेदीला १० वर्षं उलटली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरण्याची २०१४ ची तरतूद लागू होते का ते पाहावं. ‘टायटल क्लिअर’ असं इंटर्नने कधीही लिहू नये. ते ठरवणं सही करणाऱ्याचं काम.

दुसरी नेहमीची गाठ म्हणजे सामाईक नावं. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातले नऊ जण मुंबईत चाकरमानी, दोघे वारलेले आणि वारस नोंद झालेली नाही. विकायला निघालेला असतो एकटा गावातला भाऊ. ही परिस्थिती तुम्ही घराच्या ओटीवर ऐकलेली आहे. टिपणात ती ‘सहधारकांची संमती आणि मृतांच्या वारसांची नोंद आवश्यक’ एवढ्या एका ओळीत आली पाहिजे. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, पोटखराब किती, इतर हक्कात बोजा आहे का, समुद्राजवळ असेल तर सीआरझेड (किनारपट्टीवरचे निर्बंध), आणि घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३, यावर प्रत्येकी एक ओळ पुरे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये द्या. गुंठे-एकर द्यायचेच असतील तर ४० गुंठ्यांचा एक एकर हे न चुकता.

नावं झाका. माणसांना अ, ब, क म्हणा, गाव नुसतं ‘रत्नागिरी तालुका’. ज्या वकिलांकडे इंटर्नशिप केली त्यांच्या पक्षकाराचे कागद नमुन्यासाठी वापरू नका, नावं झाकूनही नाही. गुप्तता न पाळणारा विद्यार्थी हा फर्मच्या दृष्टीने तिथेच संपतो.

रियल इस्टेटमध्ये रसच नसेल तर हा सगळा भाग सोडा आणि त्याच धर्तीवर एखाद्या लवादाच्या किंवा कंपनी कायद्याच्या मुद्द्यावर दोन पानं करा. निवाड्यांसाठी महागडी सदस्यता लागत नाही; इंडियन कानून आणि सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर दोन्ही फुकट आहेत.

मेल

विषयाच्या ओळीतच सगळं यावं: ‘इंटर्नशिप अर्ज, १ ते २८ डिसेंबर, चौथं वर्ष (पाच वर्षांचा अभ्यासक्रम), रियल इस्टेट’. मेल इंग्रजीत, दहा-बारा ओळींचा. पहिल्या ओळीत आपण कोण आणि काय हवं. दुसऱ्या परिच्छेदात याच फर्मला का, आणि इथे त्यांच्या वेबसाइटवरची स्तुती त्यांनाच परत पाठवू नका. ‘आपली नामांकित फर्म’ हे कुठल्याही फर्मला लागू पडतं, म्हणून कुठल्याच फर्मला लागत नाही. त्याऐवजी: ‘मी मराठी महसुली कागद वाचून त्याचं इंग्रजी टिपण करू शकते; नमुना जोडला आहे.’ हे वाक्य आणि जोडलेला नमुना, एवढ्यावर मेल उघडला जातो.

जड इंग्रजीचा मोह टाळा. लहान वाक्यं, साधी क्रियापदं. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

नेहमीच्या चुका तीन. चाळीस फर्मना एकाच मेलमध्ये सीसी करणं. आधीच्या फर्मचं नाव तसंच राहणं. आणि जोडणी विसरणं. पंधरा फर्म निवडा, एका वहीत तारीख, पत्ता, उत्तर लिहीत जा, दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवणीचा मेल करा. कॉलेजचं ना-हरकत पत्र प्राचार्यांच्या सहीने आधीच काढून ठेवा, मे महिन्यात ऑफिसात सही करायला कोणी सापडेलच असं नाही.

फोन आला तर

बहुतेक ठिकाणी इंटर्नला मुलाखत नसते. कधी दहा-पंधरा मिनिटांचा फोन येतो. वाडीत रेंज जात असेल तर ठरलेल्या वेळी बाजारपेठेत किंवा कॉलेजात जाऊन बसा. प्रश्न सीव्हीतूनच निघतात. सीव्हीत कलम १३८ असेल तर मुदती तोंडपाठ हव्यात: बँकेकडून चेक न वटल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एक महिन्यात तक्रार. मनाई लिहिली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर ३९. लवाद लिहिला असेल तर लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायची कलम ३४ ची तीन महिने आणि वर ३० दिवसांची मुदत. फौजदारी काही असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या तिन्ही कायद्यांचे कलम क्रमांक.

उत्तर येत नसेल तर ‘नक्की माहीत नाही, पण अमुक कायद्यात शोधेन’ म्हणा. अंदाजाने कलम सांगणं फोनवरही कळतं.

चार आठवडे

राहायची सोय जागा मिळाल्याच्या दिवशीच पाहा. विरार किंवा डोंबिवलीच्या नातेवाइकांकडून फोर्टला पोचायला दारापासून दारापर्यंत दीड तास सहज जातो, आणि फर्ममध्ये साडेसहाला सुट्टी होईल असं धरून चालू नये. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात आणि गणपतीत कोकणकन्येचं तिकीट त्याच सकाळी संपतं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, म्हणून रुजू व्हायच्या सकाळी उतरायचं असं ठरवू नका, आदल्या दिवशी पोचा. गणपतीची सुट्टी हवी असेल तर अर्जातच लिहा. काही फर्म विद्यावेतन देतात, काही देत नाहीत. हे होकाराच्या मेलच्या उत्तरात सरळ विचारावं, त्यात कमीपणा नाही.

काम मिळालं की तीन गोष्टी विचारा: कशासाठी हवं आहे, किती लांब, किती वाजेपर्यंत. निवाडा देताना तो अजून टिकून आहे का, वर उलटवला गेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय देऊ नका. एआयने दिलेला निवाडा मूळ संकेतस्थळावर उघडून वाचल्याशिवाय टिपणात घालू नका. नसलेले निवाडे ही यंत्रं अगदी रुबाबात देतात. पक्षकाराचा कागद त्यात टाकणं तर सरळ बाहेरचा रस्ता. सूचीबद्ध कंपनीच्या व्यवहारावर काम करत असाल तर घरीसुद्धा बोलू नका आणि त्या कंपनीच्या शेअरला हात लावू नका; सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम इंटर्नलाही लागू होतात.

नोकरीचा विचार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या-पाचव्या वर्षी आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केलेल्या इंटर्नशिपवर होतो. म्हणून पहिल्याच वर्षी मोठ्या नावामागे धावणं फुकट आहे. न्यायाधीशाची परीक्षा डोक्यात असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे आणि इंटर्नशिपचे आठवडे त्यात मोजले जात नाहीत. सॉलिसिटर व्हायचं असेल तर बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या परीक्षेआधी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप (उमेदवारी) लागते, तो मार्ग वेगळा.

शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी प्रमाणपत्राची आठवण करा, शुक्रवारी नाही. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख नेमकी आहे का ते तिथेच पाहा. सलग चार आठवड्यांपेक्षा एक दिवसही जास्त पडला, तर कॉलेजात त्या दिवसावरून वाद होतो, आणि तोवर तुम्ही पेण ओलांडलेलं असतं.